बेंगळुरूजवळच्या गोठ्यात फलटणची जुळी

बेंगळुरूच्या आसपास बंदिस्त मेंढीपालन करणाऱ्या कुणाकडे ‘नारी सुवर्ण’ व्यायला आली, की मी आवर्जून बघायला जातो. ही मेंढी आपल्या फलटणची! निंबकर कृषी संशोधन संस्थेने घडवलेली. आपली दख्खनी काटक, पण वेताला बहुधा एकच कोकरू. सुंदरबनची गरोळ चणीने लहान, मात्र तिच्यात जुळ्यांचं जनुक. या दोघींच्या संकरातून ‘नारी सुवर्ण’ घडली; त्यात मांसासाठी नावाजलेली कर्नाटकची बन्नूरही आली. जुळ्यांच्या जनुकाची एक प्रत मिळाली तरी बऱ्याचदा जुळी होतात.

खरी कसोटी पुढे. गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा; शेवटच्या दीड महिन्यात खुराक वाढवायलाच हवा. मेंढी पहिल्याला चाटत असतानाच कधीकधी दुसरं बाहेर येतं आणि ते बिचारं मागे पडतं. दोघांच्याही नाळेला टिंक्चर आयोडीन लावा, सडाच्या तोंडाशी अडकलेला चिकट थेंब पिळून काढा आणि तासाभरात चीक पाजा. प्रतिकारशक्ती कोकराला चिकातूनच मिळते. दिवस उलटला की आतडी ती शोषत नाहीत. कोकराच्या तोंडात बोट घालून पाहा. गार लागलं तर ते गारठलंय: आधी पुसून ऊब द्या, मग चीक.