बदाम परवडत नाहीत? शेंगदाणे आहेत ना!

आमच्या गावातल्या मार्केट यार्डात आडतीच्या दुकानावर दिवाणजी म्हणून काम करणारे एक गृहस्थ माझे जुने रुग्ण आहेत. वय ५८, मधुमेह सात वर्षांपासून. मागच्या वर्षी एके दिवशी ते दवाखान्यात आले आणि खिशातून किराणा दुकानाचे बिल काढून माझ्या टेबलावर ठेवले.

"डॉक्टरसाहेब, तुमची गोळी परवडते, पण तुमचं जेवण परवडत नाही!"

मी बिल पाहिले. बदाम, अक्रोड, चीज, ऑलिव्ह तेल, 'डायबेटिक' आट्याची पिशवी आणि साखर नसलेल्या बिस्किटांचे चार पुडे. मी यातले काहीच लिहून दिले नव्हते. मी एवढेच म्हणालो होतो की भात, भाकरी, पोळी कमी करा, लो-कार्ब आहार घ्या. पुढची यादी पुण्याच्या भाच्याने मोबाईलवर पाठवली होती. दिवाणजींनी महिनाभर ती इमानाने पाळली, आणि दुसऱ्या महिन्यात आहार बंद, पथ्य बंद, पुन्हा तीन भाकरी आणि ताटभर भात. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ९.४ झाली होती.

वाचकहो, ही तक्रार एकट्या दिवाणजींची नाही. "लो-कार्ब म्हणजे श्रीमंतांचे पथ्य" हा समज मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. म्हणून आजचा लेख औषधांवर नाही, किराण्याच्या यादीवर आहे.

कर्बोदके म्हणजे नेमके काय?

धान्य, साखर, गूळ, बटाटा, साबुदाणा यांत मुख्यतः कर्बोदके असतात. पोटात गेल्यावर त्यांची साखर होते आणि रक्तात उतरते. मधुमेहात ही साखर वापरण्याची शरीराची ताकद कमी झालेली असते. तेव्हा मुळात साखर कमी आत जाऊ द्यावी, हा साधा विचार. तो नवीनही नाही. १९२१ साली कॅनडात टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचा शोध लावला. त्याआधी मधुमेहावर आहारातले पिष्टमय पदार्थ कमी करणे हाच डॉक्टरांच्या हातातला मुख्य उपाय होता.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. याच पाहणीतल्या सुमारे १८ हजार लोकांच्या आहारावरचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या जेवणातले साठ टक्क्यांहून अधिक उष्मांक कर्बोदकांतून येतात. नव्याने मधुमेह झालेल्यांनी ते प्रमाण ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावे आणि प्रथिने २० टक्क्यांच्या आसपास न्यावीत, असे त्या अभ्यासातून दिसले. म्हणजे भाकरी हद्दपार करायची नाही, तिची जागा थोडी कमी करून डाळ, उसळ, अंडी आणि भाजीला द्यायची आहे.

महाग काय, स्वस्त काय?

आता खरी अडचण. २०२३ च्या जानेवारीपासून प्राधान्य कुटुंबांना रेशनवर माणशी महिना पाच किलो धान्य मोफत मिळते. ते मिळालेच पाहिजे, गरिबाच्या पोटाला त्याचा मोठा आधार आहे. पण परिणाम असा होतो की गहू-तांदूळ फुकट आणि डाळ, शेंगदाणे, अंडी, भाजी विकत. मग ताटात भात वाढतो आणि वरण पातळ होते. यात घरच्या बाईचा दोष नाही.

पण विकतच्या वस्तूंतही जमीन-अस्मानाचा फरक आहे. दिवाणजी हिशेबी माणूस. मी त्यांना म्हटले, किलोचा भाव बघू नका, दहा ग्रॅम प्रथिनांना किती रुपये पडतात ते बघा. त्या दिवशीच्या आमच्या बाजारभावाने आम्ही कागदावर मांडले :

बदाम : सुमारे ४३ रुपये
पनीर : सुमारे २१ रुपये
अंडी : सुमारे १२ रुपये
शेंगदाणे : साडेपाच रुपये
मटकी : पाच रुपये
सोयाबीनच्या वड्या : तीन रुपये

दिवाणजी कागदाकडे बघतच राहिले. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिने, बदामात सुमारे २१! बदाम वाईट नाहीत. पण जे काम मूठभर शेंगदाणे करतात त्यासाठी आठपट पैसे कशाला? तुमच्या गावचा भाव थोडा वेगळा असेल, पण क्रम फारसा बदलणार नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. मटकी, हरभरा, तूर यांतही निम्म्याहून अधिक वजन कर्बोदकांचेच असते. पण प्रथिने आणि तंतू सोबत असल्याने साखर सावकाश चढते. म्हणून उसळ वाटीभर खावी, पातेलेभर नव्हे. शेंगदाण्यात तेल भरपूर असते, तेव्हा दिवसाला मूठभर पुरेत, आणि तेही खारवलेले नकोत.

यादीतून काय खोडले?

पुढच्या खेपेला मी वहिनींनाही बोलावले, कारण यादी त्या करतात. आम्ही तिघांनी मागच्या वर्षीची, म्हणजे पथ्यापूर्वीची यादी समोर ठेवली.

पहिली साखर. दोघेही चार वेळा चहा घेत आणि कपाला दोन चमचे साखर. आठ चमचे म्हणजे ४० ग्रॅम, महिन्याला एका माणसाची सव्वा किलोच्या आसपास साखर नुसती चहातून! गूळ घातला तर चालेल का, असे वहिनींनी विचारले. नाही चालणार. रक्ताला साखर आणि गूळ यांतला फरक कळत नाही. चहा दोन वेळा आणि बिनसाखरेचा ठरला. महिन्याला तीन किलो साखर वाचली, १३५ रुपये. रोजचा दहा रुपयांचा बिस्किट पुडा गेला, ३०० रुपये. फरसाण-शेव दोन किलो कमी झाले, ४८० रुपये. एकूण ९१५ रुपये सुटले.

त्यात काय आले? साठ अंडी, ४२० रुपये. एक किलो शेंगदाणे, १४० रुपये. मटकी आणि हरभरे मिळून दीड किलो, १५० रुपये. सोयाबीनच्या वड्या अर्धा किलो, ७० रुपये. बेरीज ७८० रुपये. पथ्य सुरू झाले आणि महिन्याला १३५ रुपये उरले. 'डायबेटिक' आट्याला रजा दिली. पिशवीवर काहीही छापले तरी आत पीठच असते. त्यापेक्षा घरच्या चार किलो गव्हात एक किलो हरभरे घालून दळून आणा.

उपासाचे तेवढे वेगळे सांगतो. "उपास केला तरी साखर वाढली" असे अनेकजण म्हणतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा घातला की झाले! उपासाला दाण्याची आमटी, काकडी, ताक आणि लहानशी राजगिऱ्याची भाकरी घ्या. साबुदाण्याचेही पैसे वाचतील.

ज्वारीचा गैरसमज

ज्वारीने साखर वाढत नाही असे समजून तीन-तीन भाकऱ्या खाणारे रुग्ण मला रोज भेटतात. ज्वारी उत्तम धान्य आहे, पोट भरते, पण तिच्यातली कर्बोदके गव्हाच्या तोडीस तोड आहेत. मध्यम भाकरीला ५० ते ६० ग्रॅम पीठ लागते, म्हणजे एका भाकरीतून ३५ ते ४० ग्रॅम कर्बोदके मिळतात. म्हणून धान्य कोणते यापेक्षा किती, हा प्रश्न आधी विचारा.

ताटाचा हिशेब सोपा आहे. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर. पाव ताट उसळ, पिठले, अंडी किंवा मासे. उरलेल्या पाव ताटात भाकरी किंवा भात, दोन्ही नको. आधी भाजी-उसळ खा, भाकरी शेवटी येऊ द्या, म्हणजे ती आपोआप कमी लागते.

भाजी महाग आहे हे खरे, पण सगळीच नाही. मोसमातली मेथी, शेपू, तांदुळजा, अंबाडी, कोबी, दुधी, दोडका घ्या. आठवडी बाजारात दिवेलागणीला गेलात तर पालेभाजी निम्म्या भावात मिळते. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे कोवळे देठ फेकू नका. दारात शेवगा असेल तर त्याचा पाला फुकटची भाजी आहे. मांसाहारी घरांत सुकट-बोंबील स्वस्त पडतात, मात्र रक्तदाब असणाऱ्यांनी मिठामुळे बेतानेच खावेत. आणि कर्बोदके कमी केली म्हणून तेल-तूप ओतू नका. तेलही फुकट मिळत नाही.

माझी एक चूक

आता जे सांगतो ते नीट वाचा, कारण पैशापेक्षा ते महत्त्वाचे आहे.

दिवाणजींना पहिल्यांदा पथ्य सांगितले तेव्हा माझ्याकडून एक गोष्ट राहिली. ते ग्लिमेपिराइडची गोळी घेत होते. ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. मी भाकरी कमी करायला सांगितले, पण गोळी तेवढीच ठेवली. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी गोळी घेतली, बिनसाखरेचा चहा घेतला, पोहे नाकारले आणि दुकानावर गेले. साडेबाराला ऐन सौद्याच्या वेळी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि ते पोत्यांच्या थप्पीला टेकून खाली बसले. एका हमालाने प्रसंगावधान राखून त्यांना गोड चहा पाजला, म्हणून निभावले. तेव्हापासून मी पथ्य सांगण्याआधी गोळ्यांची पाकिटे टेबलावर मांडायला सांगतो.

म्हणून विनंती आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भाकरी-भात एकदम कमी करू नका. ज्यांच्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'फ्लोझिन' आहे त्यांनी कर्बोदके जवळजवळ बंद करणे धोक्याचे आहे, रक्तात आम्ल वाढू शकते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने किती घ्यायची ते डॉक्टरच ठरवतील. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि अशक्त वृद्ध यांनी हा प्रयोग मनाने करू नये. इन्सुलिन मात्र कधीही स्वतःहून बंद करू नये.

घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असे झाले तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्यावी, आणि बरे वाटल्यावर काहीतरी खावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा.

एका घरात एकच स्वयंपाक

यादी झाल्यावर मी सहज वहिनींना विचारले, "ते महागडे बदाम तुम्हीही खाल्लेत की नाही?"

"छे हो! ते यांच्यासाठी होते. मी आपला उरलेला भात खायची. टाकवत नाही ना."

मी त्यांचीही तपासणी करायला लावली. एचबीए१सी ६.२, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. घरातल्या एकासाठी पथ्याचे आणायचे आणि शिळ्या-उरल्या भातावर दुसऱ्याने दिवस काढायचा, ही आपल्याकडची रीत आहे. त्या रीतीने आज एक रुग्ण असलेल्या घरात उद्या दोन होतात आणि औषधाचा खर्च दुप्पट होतो. म्हणून साठ अंडी दोघांत वाटून खायची, हे मी वहिनींकडून कबूल करून घेतले.

चार महिन्यांनी दिवाणजींची एचबीए१सी ७.६ वर आली. गोळी निम्मी झाली. जादू नाही, मधुमेह गेलेला नाही, तपासण्या चालूच आहेत. वहिनींचे वजन तीन किलो उतरले. एखाद्या लग्नात जिलबी खाल्ल्याचे दिवाणजी स्वतः येऊन सांगतात, आणि मी रागावत नाही.

या महिन्याचा किराणा भरण्याआधी मागच्या महिन्याचे बिल शोधा. साखर, बिस्किटे, फरसाण यांच्यापुढे खूण करा आणि त्यांची बेरीज करा. तेवढ्या पैशांत किती शेंगदाणे, किती मटकी आणि किती अंडी येतात ते मांडून पाहा. आणि तो कागद घेऊन, गोळ्यांच्या पाकिटांसह, आधी आपल्या डॉक्टरांकडे जा.