खेळाचा तास

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीत वसलेला आहे. तेथील डोंगरवाड्यांतील कित्येक मुले चढउतार करीत शाळेत येतात. घरी गुरे राखतात, शेतात राबतात. अशा मुलांना शाळेत व्यायामाची सक्ती कशाला, असा प्रश्न साहजिकच मनात येतो.

परंतु श्रम आणि शारीरिक शिक्षण या भिन्न गोष्टी आहेत. ओझे वाहताना ठरावीक अवयवांवरच भार पडतो. योग्य व्यायामाने सर्वांगाला वळण लागते. शिवाय खेळातून सहकार्य शिकता येते. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही. तो कितीही चपळ असला, तरी बसलेल्या गड्याला वेळेवर खो दिल्यावाचून त्याचा निभाव लागत नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या शाळांना क्रीडांगण व खेळाचे साहित्य आवश्यक ठरविले. तथापि मैदान असूनही तास ऐच्छिक ठेवला, तर चपळ मुले खेळतील आणि ज्यांना व्यायामाची खरी गरज आहे, ती अशक्त व लाजरी मुलेच कडेला बसतील. म्हणून हा तास सर्वांसाठी असावा.

मात्र खेळ कोणता, गट कसे पाडावेत, पंच कोणी व्हावे, हे विद्यार्थ्यांनी आपसांत ठरवावे. शिक्षकांनी देखरेख ठेवावी. ज्याला धावणे झेपत नाही, त्याने गुण मोजावेत. आपणच निवडलेल्या खेळाचे नियम पाळणे कोणालाही जड जात नाही.