पोलीस विचारतात तेव्हा

गावात चोरी झाली म्हणजे फौजदार येतात. पंचनामा होतो. मग ज्याच्यावर संशय असेल त्याला ठाण्यावर बोलावतात. घरची माणसे घाबरतात. शेजारी म्हणतात, "कर नाही त्याला डर कशाला?" म्हण खरी आहे. पण मार आणि धाक यांपुढे निर्दोष माणूससुद्धा "होय, मीच केलं" असे म्हणून बसतो. म्हणून कायद्याने चौकशीला कुंपण घातले आहे. ते आपण ओळखून घेऊ.

पोलिसांना प्रश्न विचारायचा हक्क आहे. त्या रात्री कुठे होतास? सोबत कोण होते? अशा विचारण्यानेच गुन्ह्याचा छडा लागतो. म्हणून लेखी नोटीस आली तर हजर राहावे. पळून जाऊ नये. ठाऊक असेल ते खरे सांगावे. मात्र आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. तसे राज्यघटनेच्या २०व्या कलमात लिहिले आहे. आणि मारहाण करायचा हक्क तर कोणालाच नाही.

पोलीस जबानी लिहून घेतात. तपासातल्या त्या जबानीवर सही किंवा अंगठा घ्यायचा नसतो. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. १८७२ च्या कायद्यात हे होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. एक गोष्ट वेगळी. अटकेतल्या माणसाच्या सांगण्यावरून चोरीचा डागिना सापडला, तर त्यापुरते सांगणे कोर्ट विचारात घेते. खरी कबुली मॅजिस्ट्रेटपुढे होते. कबुली देण्याचे बंधन नाही, असे मॅजिस्ट्रेट आधी बजावतात.

अटक झाली तर कारण सांगावेच लागते. घरच्यांना कळवावे लागते. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. मार बसला असेल तर तिथेच स्पष्ट सांगावे. डॉक्टरी तपासणी मागावी. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येते; पण वकील सारा वेळ शेजारी बसू शकत नाही. वकिलाला द्यायला पैसे नसतील, तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. आरोपीला वकील फुकट मिळतो.

बंधूंनो, भगिनींनो, आता तुम्हांला वाचता येते. अटकेच्या कागदावर, पंचनाम्यावर सही मागतील. आधी कागद सावकाश वाचा. कोरा कागद पुढे आला, तर हात मागे घ्या.