शिरोलीची भट्टी आणि मोटारीचं अर्थशास्त्र

कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, शाहूवाडी तालुक्यात मलकापूर आहे. पुढे आंबा घाट, घाट उतरला की साखरपा आणि मग कोकण. रविवारी सकाळी इथं रस्त्याकडेला उभं राहिलं की एमएच 09, एमएच 08, एमएच 12 अशा पाट्यांच्या मोटारी घाटाकडे जाताना दिसतात आणि त्यांच्या मधून वाट काढत माणसांनी गच्च भरलेली प्रवासी जीप, म्हणजे इथली वडाप. मलकापुरात मोटारीचा कारखाना नाही. तरीही मोटारउद्योगाचं अर्थशास्त्र शिकवायचं झालं, तर निम्मं साहित्य याच रस्त्यावर सापडेल. उरलेलं शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत आहे.

असा अभ्यासक्रम जगात नवा नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात लेक्सिंग्टन नावाचं छोटं गाव आहे, मोटारींच्या डेट्रॉइटपासून शेकडो मैल दूर. तिथल्या वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठात प्राध्यापक मायकेल स्मिट्का यांनी मोटारउद्योगाचं अर्थशास्त्र अनेक वर्षं शिकवलं. जपानमधल्या मोटार कंपन्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने यांचं नातं हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्यावरचं त्यांचं ‘कॉम्पिटिटिव्ह टाइज’ हे पुस्तक 1991 साली आलं. कोल्हापूरच्या उद्योजकाला रोज भेडसावणारा प्रश्न म्हणजे हेच नातं.

कोल्हापूरचा ओतकामाचा धंदा उसाचे चरक आणि ऑइल इंजिनं यांच्या आधाराने वाढला. आज जिल्ह्यात सुमारे तीनशे फाउंड्री आहेत. सिलिंडर ब्लॉक, सिलिंडर हेड, फ्लायव्हील, ब्रेक ड्रम, मॅनिफोल्ड असे भाग इथं ओतले जातात आणि पुण्यापासून परदेशापर्यंतच्या वाहनांत बसतात. गाडीच्या बॉनेटवर कोल्हापूरचं नाव कुठंच नसतं, म्हणून हे अर्थशास्त्र विद्यार्थ्याच्या नजरेला पडत नाही.

एका कास्टिंगचा प्रवास बघावा. गिऱ्हाईक कंपनी ड्रॉइंग पाठवते. त्यावरून पॅटर्न आणि कोअर बॉक्स बनतात, मशीनिंगसाठी फिक्श्चर लागतात. हा सगळा खर्च त्या एका भागासाठी, त्या एका गिऱ्हाइकासाठी. दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाला तो पॅटर्न निरुपयोगी. म्हणजे पैसा गुंतला की फाउंड्रीवाल्याचे हात बांधले गेले. यानंतर कंपनीने दर पाडून मागितला, तर नाही म्हणण्याची ताकद त्याच्याकडे किती उरते? उलटी बाजूही आहे. ऐन हंगामात एकाच फाउंड्रीने माल थांबवला, तर कंपनीची असेंब्ली लाइन थांबते. पॅटर्न कोणाच्या मालकीचा, कच्च्या लोखंडाचा भाव चढला तर वाढीव दर कधीपासून लागू, रिजेक्शनचा भुर्दंड कोणी सोसायचा, या तीन कलमांत करारातलं निम्मं अर्थशास्त्र येतं.

याच अडवणुकीच्या प्रश्नावर अर्थशास्त्रात एक मोठा वाद गाजला. जनरल मोटर्सने 1919 साली फिशर बॉडी या सांगाडे बनवणाऱ्या कंपनीशी दीर्घ मुदतीचा करार केला आणि 1926 साली ती कंपनी पूर्णपणे स्वतःत सामावून घेतली. का? क्लाइन, क्रॉफर्ड आणि आल्चियन यांनी 1978 साली लिहिलं की फिशरने अडवणूक केली, म्हणून. नोबेल मिळालेल्या रोनाल्ड कोस यांनी 2000 साली जुनी कागदपत्रं चाळून हे खोडून काढलं. त्यांच्या मते अशी अडवणूक झालीच नव्हती. विद्यार्थ्यांनी हे दोन्ही लेख वाचावेत आणि मग शिरोलीत जाऊन विचारावं, इथं काय घडतं? त्या उत्तरातून मराठीत अस्सल संशोधन उभं राहील. जपानी कंपन्यांनी निवडक पुरवठादारांशी वर्षानुवर्षं नातं टिकवून हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला, हेही त्याच तासाला सांगता येईल.

करांचा धडा शिकवायला मोजपट्टी पुरते. 2006 च्या अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आलं. छोटी म्हणजे चार मीटरच्या आतली. पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 सीसीपर्यंत. मग गाड्यांच्या डिक्क्या आखडू लागल्या. टाटांची इंडिगो सीएस 2008 साली चार मीटरच्या आत आली, 2012 साली मारुतीची नवी डिझायरही. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या मोटारींवर 18 टक्के आणि मोठ्यांवर 40 टक्के जीएसटी आहे. चार मीटरची रेघ कायम आहे. मलकापुरात उभ्या असलेल्या दहा गाड्या मोजल्या, तरी कायद्याने पत्र्याला कसा आकार दिला ते विद्यार्थ्याच्या हाताला कळेल.

मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनाचं उदाहरण म्हणून फोर्डची मॉडेल टी सगळीकडे सांगतात आणि ते योग्यच आहे. 1908 साली 850 डॉलरची गाडी 1920 च्या दशकात 300 डॉलरच्या खाली आली. पण मराठी विद्यार्थ्याला त्याची दुसरी बाजू टाटांच्या नॅनोतून शिकवावी. एक लाखाची गाडी म्हणून ती 10 जानेवारी 2008 रोजी दाखवली गेली. पश्चिम बंगालमधलं सिंगूर सोडून कारखाना गुजरातेत साणंदला गेला, क्षमता वर्षाला अडीच लाखांची. एकाही वर्षी विक्री त्याच्या निम्म्यापर्यंत पोचली नाही आणि 2018 साली उत्पादन थांबलं. गाडी स्वस्त व्हायची तर कारखाना भरून चालावा लागतो. तो चालला नाही, की तेच यंत्र प्रत्येक गाडीवर बोजा होऊन बसतं.

जुन्या गाड्यांच्या बाजाराचं अर्थशास्त्र वडापवाला पाठ्यपुस्तकाविना जाणतो. जुनी जीप घेताना तो इंजिनाचा आवाज ऐकतो, चासी खालून बघतो आणि ओळखीचा मेस्त्री सोबत नेतो. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत, घेणाऱ्याला नाही. याच गोष्टीवर जॉर्ज अकर्लॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचा लेख लिहिला आणि 2001 साली त्यांना नोबेल मिळालं. गॅरेजमधल्या सुट्या भागांतला धडा मात्र स्पर्धेचा. ते स्वतंत्र गॅरेजवाल्यांना खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना एकूण 2,544 कोटींहून अधिक दंड ठोठावला.

आता सगळ्यात तातडीचं प्रकरण. विजेच्या मोटारीला सिलिंडर ब्लॉक लागत नाही, हेड लागत नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लागत नाही. ब्रेक, सस्पेन्शन आणि मोटरची घरं राहतील, पण त्यांतही ॲल्युमिनियम वाढेल. कोल्हापूरच्या बऱ्याच भट्ट्या इंजिनाच्या भागांवर पेटतात. हा बदल किती वर्षांत येईल, ट्रॅक्टर आणि पंपांची मागणी किती आधार देईल, भट्टीवरच्या कामगाराला नवं कौशल्य कोण शिकवील, याचा हिशेब मांडणारी माणसं जिल्ह्यातच तयार व्हायला हवीत. शाहूवाडीची कितीतरी मुलं पदवी घेऊन याच वसाहतींत नोकरी शोधतात. ज्या उद्योगावर त्यांचा पगार अवलंबून आहे, त्याचं अर्थकारण त्यांना कोणीच शिकवत नाही, ही उणीव गंभीर आहे.

शिवाजी विद्यापीठ 18 नोव्हेंबर 1962 रोजी सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा हे तिन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने वैकल्पिक विषयांना जागा करून दिली आहे. महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र विभागांनी येत्या जूनपासून हा विषय मराठीतून सुरू करावा, फाउंड्री मालकांनी आणि कामगार संघटनांनी वर्गात येऊन बोलावं, आणि पहिला तास शिरोलीत, लोखंड ओतलं जात असताना घ्यावा.