रनिंग पाहावे की सोयी? – जवळजवळ नवी मोटार घेताना करावयाचा हिशेब

शोरूमबाहेर पडलेल्या मोटारीची किंमत पहिल्या दिवसापासूनच उतरू लागते, हे सर्वश्रुत आहे. वाहनविम्यात तर हा उतार कोष्टकानेच बांधून दिलेला असून मोटार सहा महिन्यांहून जुनी झाली की तिच्या मूल्यातून १५ टक्के, एक वर्ष उलटल्यावर २० टक्के आणि दोन वर्षे उलटल्यावर ३० टक्के घसारा वजा धरला जातो. नवी मोटार घेण्यास ज्यांची ऐपत थोडी तोकडी पडते, परंतु फार जुनी मोटार घेऊन गॅरेजच्या फेऱ्यांत अडकण्याची ज्यांची तयारी नसते, अशा नोकरदार व छोट्या व्यावसायिक कुटुंबांचा ओढा म्हणूनच एक-दोन वर्षे वापरलेल्या मोटारीकडे असतो. घसाऱ्याचा पहिला मोठा वाटा मूळ मालकाने सोसलेला असतो आणि मोटारीचे उमेदीचे आयुष्य अद्याप पुढेच असते. त्या दृष्टीने हा विचार व्यवहाराला धरूनच आहे.

अडचण उद्भवते ती निवडीच्या वेळी. समजा, एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या व एकाच महिन्यात नोंदणी झालेल्या दोन मोटारी समोर उभ्या आहेत. एक खालच्या श्रेणीची असून ९ हजार किलोमीटर धावलेली आहे. दुसरी वरच्या श्रेणीची, सर्व सोयींनी युक्त, पण २४ हजार किलोमीटर धावलेली. दोहोंची किंमत एकच सांगितली जाते. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांचे लक्ष आकड्यावर खिळते, तर मुलांचे पडद्यावर व छतातील काचेवर. दोन्ही पक्ष आपापल्या परीने बरोबर असले तरी दोहोंपैकी कोणीही हिशेब मांडलेला नसतो. कर्ज काढून घेतलेल्या मोटारीचे हप्ते पाच-सात वर्षे फेडावयाचे असल्यामुळे हा हिशेब आधीच मांडणे अगत्याचे आहे.

प्रथम शब्दांविषयी. ‘मायलेज’ हा शब्द आपल्याकडे लिटरमागे मोटार किती धावते या अर्थी रूढ झाला आहे. येथे विचार करावयाचा आहे तो मोटारीने आजवर कापलेल्या एकूण अंतराचा. बाजारात त्याला ‘रनिंग’ म्हणतात व ते अंतरमापकावर, म्हणजे ओडोमीटरवर, दिसते.

हा आकडा कमी असला म्हणजे मोटार चांगली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. पणजी ते मडगाव हे अंतर सुमारे ३५ किलोमीटर धरले, तर रोज ये-जा करणाऱ्या कर्मचाऱ्याची मोटार दिवसाला ७० आणि वर्षातील ३०० कामाच्या दिवसांत २१ हजार किलोमीटर धावते. हे अंतर बव्हंशी राष्ट्रीय महामार्गावरील आहे. इंजिन योग्य तापमानास पोहोचलेले असते, गिअर वारंवार बदलावे लागत नाहीत, क्लच व ब्रेक यांवर ताण कमी पडतो. याउलट मुलांना शाळेत सोडणे व बाजारहाट करणे एवढ्यापुरतीच बाहेर निघणारी मोटार वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरच धावते. परंतु तिचे इंजिन दिवसातून अनेकदा थंड स्थितीत सुरू होऊन नीट तापण्यापूर्वीच बंद होते. इंजिनाची झीज थंड अवस्थेत अधिक होते, आणि अर्धवट जळालेले इंधन व बाष्प तेलात मिसळून तेलाचा कस उतरतो. या दोन मोटारींपैकी आकड्याने थोरली असलेली मोटारच अंतर्यामी तरुण असण्याचा संभव असतो.

डिझेल मोटारींच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा ठरतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही प्रदूषणमर्यादा लागू झाल्यानंतरच्या डिझेल मोटारींत धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी मोटार काही काळ सलग वेगाने धावावी लागते. केवळ गावातल्या गावात फिरणाऱ्या मोटारीस ती संधी मिळत नाही. गाळणी तुंबते, धोक्याचा दिवा लागतो, आणि ती बदलण्याचा खर्च बराच मोठा असतो. तेव्हा दोन वर्षांत जेमतेम ८ हजार किलोमीटर धावलेली डिझेल मोटार पुढे आल्यास आनंद मानण्याआधी ती कोठे व कशी फिरली, याची चौकशी करावी.

नुसत्या उभ्या राहिलेल्या मोटारीची कथाही निराळी नाही. किनारपट्टीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत उभ्या मोटारीच्या ब्रेकच्या चकत्या गंजतात, बॅटरी उतरते, रबरी भाग आखडतात. बोनेटखाली उंदरांनी संसार थाटला तर वायरींची जी अवस्था होते, ती आकड्यावरून कधीच समजत नाही. परगावी वा परदेशी असलेल्या मालकाची, घराच्या आवारात झाकून ठेवलेली मोटार म्हणून जी अत्यल्प रनिंगची मोटार विक्रीस येते, तिची तपासणी म्हणूनच दुप्पट काळजीने व्हावयास हवी.

आता पैशाचा हिशेब. समजा, चार टायरांचा संच २० हजार रुपयांचा असून तो ४० हजार किलोमीटर चालतो. म्हणजे किलोमीटरमागे ५० पैसे. दर १० हजार किलोमीटरला होणाऱ्या सर्व्हिसिंगचा सरासरी खर्च ६ हजार धरला, तर ६० पैसे. ब्रेकचे पॅड, वायपर व इतर किरकोळ बाबींसाठी २० पैसे ठेवले, तर झीज किलोमीटरमागे १ रुपया ३० पैसे होते. वर उल्लेखिलेल्या दोन मोटारींतील १५ हजार किलोमीटरच्या फरकाची किंमत या रीतीने साडेएकोणीस हजार रुपये येते. आपापल्या गॅरेजमधील दर घालून प्रत्येकाने हा आकडा बदलून घ्यावा; तथापि लहान पेट्रोल मोटारीत तो लाखाच्या घरात जात नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. केवळ कमी रनिंगच्या नावाखाली ५०-६० हजार रुपये अधिक मागणारा विक्रेता मोटारीची नव्हे, तर ग्राहकाच्या मनातील धास्तीची किंमत घेत असतो.

यात एक भर घालावी लागेल. कंपनीची हमी वर्षे आणि किलोमीटर या दोन्हींनी मर्यादित असते व जी मर्यादा आधी संपेल ती लागू होते. हमीची वर्षे पहिल्या विक्रीच्या तारखेपासून मोजली जातात, दुसऱ्या मालकाच्या खरेदीपासून नव्हे. वर्षाला २० हजार किलोमीटर धावविणाऱ्यास जास्त रनिंगची मोटार हमीतून लवकर बाहेर पडलेली आढळेल. वर्षाला ६ हजारच धावविणाऱ्यास त्या फरकाने काही अडत नाही.

अर्थात हा सारा हिशेब आकडा खरा असेल तरच उपयोगाचा. आजचे अंतरमापक इलेक्ट्रॉनिक असून विशिष्ट उपकरणाने त्यावरील आकडा मागे नेता येतो, ही दुर्दैवाने वस्तुस्थिती आहे. मात्र लबाडीला सगळीकडचे पुरावे पुसता येत नाहीत. अधिकृत सर्व्हिस केंद्रात प्रत्येक भेटीच्या वेळचे रनिंग चासी क्रमांकानुसार नोंदलेले असते. मालकास बरोबर घेऊन गेल्यास तो इतिहास पाहावयास मिळतो. टायरच्या बाजूवर चार अंकी संख्या छापलेली असते. ‘२३२४’ याचा अर्थ २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. मोटार ९ हजारच धावली असेल, तर चारही टायर मूळचे, एकाच बनावटीचे व मोटारीच्या जन्माच्या आगेमागेच तयार झालेले असावयास हवेत. ते नवे असतील तर त्याचे कारण विचारावे. क्लचच्या पायपट्टीवरील रबर गुळगुळीत झालेले, स्टिअरिंगला चकाकी आलेली, चालकाच्या आसनाची दाराकडील कड दबलेली, आणि आकडा मात्र कोवळा, अशी विसंगती डोळ्यांना सहज दिसते. गोव्यात आणखी एक गोष्ट पाहावी. पर्यटकांस भाड्याने देण्याच्या ‘रेंट-अ-कॅब’ मोटारींच्या काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. अशी मोटार पुढे खासगी झाली असल्यास पाटी बदलते. नोंदणीचा पूर्वेतिहास बदलत नाही. शोरूमने प्रात्यक्षिकासाठी वापरलेल्या मोटारीही कमी रनिंगच्या व वरच्या श्रेणीच्या असतात, परंतु त्या अनेक अनोळखी हातांनी हाकलेल्या असतात.

सोयींकडे वळताना एक भेद मनाशी पक्का करावा लागतो. काही गोष्टी कारखान्यातच मोटारीच्या अंगात बसविलेल्या असतात आणि मागाहून कोणत्याही किमतीस बसविता येत नाहीत. सहा एअरबॅग, घसरती मोटार सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्थैर्यप्रणाली, लहान मुलांचे आसन पक्के बसविण्याचे आकडे, ही त्यांची उदाहरणे. चोर्ला घाटातून पावसाळ्यात बेळगावकडे जाणाऱ्या कुटुंबाला यांतील स्थैर्यप्रणालीचे मोल वेगळे सांगावयास नको. या गोष्टींसाठी दहा-पंधरा हजार किलोमीटर अधिक धावलेली मोटार पत्करणे हा शहाणपणाचा सौदा आहे. स्वयंचलित गिअरचीही तीच गत. तो हवा असल्यास तसाच असलेला घ्यावा लागतो.

मात्र कायद्याने सक्तीच्या असलेल्या गोष्टी ‘जादा सोयी’ म्हणून विकल्या जात नाहीत ना, हे पाहावे. चाके न अडकू देणारी ब्रेकप्रणाली, चालकाची एअरबॅग, मागे घेताना सूचना देणारे सेन्सर व वेगमर्यादेचा इशारा यांची सक्ती २०१९ मध्येच झाली. पुढील प्रवाशाची एअरबॅग २०२१ अखेरपासून सर्व नव्या मोटारींत आवश्यक ठरली. त्यानंतर बाजारात आलेल्या मोटारीच्या जाहिरातीत ‘दोन एअरबॅग, ब्रेकप्रणाली, पार्किंग सेन्सर’ अशी लांबलचक यादी दिलेली असली, तर ती यादी निव्वळ कायद्याचे पालन सांगते.

उरलेल्या बहुतेक सोयी दुय्यम होत. मोठा पडदा, मागील कॅमेरा, आसनांची आवरणे, मिश्रधातूची चाके या वस्तू बाजारात केव्हाही मिळतात व मोटारीपेक्षा लवकर जुन्या होतात. पहिल्या मालकाने त्यांवर ४० हजार खर्च केले असतील. पुनर्विक्रीत त्या पैशांचा थोडाच अंश परत येतो, आणि खरेदीदाराने त्याहून अधिक देण्याचे कारण नाही. शिवाय बाहेरून बसविलेल्या उपकरणांसाठी मूळ वायरी कापल्या असल्यास विद्युत भागांवरील हमी नाकारली जाऊ शकते. विम्याच्या पॉलिसीत स्वतंत्रपणे न नोंदलेल्या अशा वस्तूंची भरपाईही मिळत नाही. पुढील बाजूस बसविलेला लोखंडी गार्ड ही तर सोयच नव्हे. तो धडकेच्या वेळी एअरबॅग उघडण्यात बाधा आणू शकतो, आणि केंद्र शासनाने २०१७ च्या डिसेंबरात अशा गार्डांविरुद्ध कारवाई करण्याचे राज्यांना कळविले होते.

छतातील सरकत्या काचेचे आकर्षण सध्या फार आहे. तिच्या चौकटीत साचणारे पाणी बारीक नळ्यांतून खाली जाते. आंब्याच्या किंवा गुलमोहराच्या झाडाखाली मोटार उभी करण्याची आपली रीत. पाला-मोहर अडकून त्या नळ्या तुंबल्या की जुलैच्या पावसात पाणी थेट गालिच्यावर उतरते. अशी मोटार घेताना छताचे अस्तर व गालिच्याखालचा भाग हाताने चाचपून पाहावा. कुबट वास ही खूण पुरेशी आहे.

खालच्या श्रेणीच्या मोटारीस वरच्या श्रेणीची चाके, पडदा व मागील बिल्ला लावून ‘टॉप मॉडेल’ म्हणून उभी करण्याचे प्रकारही घडतात. नोंदणी प्रमाणपत्रातील मॉडेलचे नाव व मूळ बिल ताडून पाहिले की हे सोंग उघडे पडते.

किमतीविषयी एक ताजी बाब विसरता कामा नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला. त्यापूर्वी लहान पेट्रोल मोटारीवर अधिभारासह तो २९ टक्के होता. करापूर्वी ६ लाख किंमत असलेली मोटार पूर्वी ७ लाख ७४ हजारांस पडत असे. नव्या दराने ती ७ लाख ८ हजारांस पडते. जुने बिल दाखवून ‘६० हजारांची सूट’ देऊ करणारा विक्रेता प्रत्यक्षात वापरलेली मोटार नव्याहून महाग विकत असतो. तुलना नेहमी त्याच श्रेणीच्या नव्या मोटारीच्या आजच्या किमतीशी करावी.

वरील दोन मोटारींपुरते बोलावयाचे तर, दुसरीत सहा एअरबॅग व स्थैर्यप्रणाली कारखान्यातूनच असून तिच्या सर्व्हिसिंगच्या नोंदी अखंड असतील, तर समान किमतीस २४ हजार किलोमीटर धावलेली मोटार निःसंशय सरस होय. तिचे वेगळेपण केवळ पडदा व छताची काच एवढेच असेल, तर पहिली घ्यावी. मात्र ती उभी राहून कमी धावलेली नाही याची खात्री करून.

बेळगाव अथवा सावंतवाडी येथील ग्राहक गोवा पासिंगची मोटार नेणार असल्यास, बारा महिन्यांहून अधिक काळ ती तेथे ठेवण्यासाठी नवा नोंदणी क्रमांक व त्या राज्याचा कर द्यावा लागतो. कर मोटारीच्या किमतीशी निगडित असल्याने सोयींनी वाढलेल्या किमतीचा भार तेथेही पडतो. त्यासाठी मूळ नोंदणी कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र आधी मिळवावे. राज्यांतर्गत हस्तांतरणास नमुना २९ व ३० लागतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवावयाचे व घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करावयाचा असतो. विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज द्यावा. दाव्याविना मिळालेली हप्त्यातील सूट मात्र पहिल्या मालकाबरोबरच जाते.

पैसे देण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड असताना मोटार स्वतः सुरू करून पाहावी, चढावर चालवावी आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून खालून तपासून घ्यावी. विक्रीच्या करारपत्रात त्या दिवशीचे रनिंग अंकी व अक्षरी लिहून घ्यावे, किमतीत धरलेल्या प्रत्येक जादा वस्तूचे नाव नमूद करावे व त्याखाली विकणाऱ्याची तारखेसह सही घ्यावी.