खाद्यपदार्थांतील परिरक्षक द्रव्ये : उपयोग व पथ्य

अन्न टिकविण्यासाठी त्यात काही मिसळणे, ही आधुनिक काळाची देणगी नव्हे. लोणच्यातील मीठ, मुरंब्यातील साखर व पापडातील पापडखार साकोली परिसरातील घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले जात आहेत. मीठ व साखर पदार्थातील पाणी ओढून घेतात. त्यामुळे जंतू व बुरशी यांची वाढ खुंटते. कारखान्यांत सरबते व सॉस यांत हेच काम सोडियम बेंझोएट अल्प प्रमाणात करते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये अशा द्रव्यांची कमाल मर्यादा ठरविण्यात आली असून वेष्टनावर त्यांचा उल्लेख बंधनकारक आहे. मेटॅनिल यलोसारख्या रंगास मात्र खाद्यपदार्थांत पूर्ण मनाई आहे.

मर्यादेतील द्रव्ये निरोगी व्यक्तीस सहसा अपायकारक नसतात. रुग्णाची गोष्ट निराळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सेवन करावे. तथापि सोडियम केवळ मिठातूनच येते असे नाही. पापडखार, खाण्याचा सोडा व अजिनोमोटो यांतही ते असते. म्हणून उच्च रक्तदाबाच्या रुग्णास 'वरून मीठ घेत नाही' एवढ्यावर समाधान मानता येत नाही. 'कमी सोडियम' मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराईड असते. मूत्रपिंडाच्या रुग्णास ते धोकादायक ठरू शकते.

तरी नातेवाइकांनी रुग्णासाठी डबा आणताना लोणचे, पापड, फरसाण टाळावे, वेष्टन वाचावे व शंका असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, ही नम्र विनंती.