वकिलीतून राज्यकारभारात : बॅ. विनायकराव विद्यालंकार

गौलीगुड्यातून जांबागकडे पायी निघाले की थोड्याच वेळात विवेकवर्धिनी लागते. १९०७ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या उभारणीत वकील केशवराव कोरटकर पुढे होते. पुढे ते निजामाच्या हायकोर्टात न्यायमूर्ती झाले. मला लिहायचे आहे ते मात्र त्यांचे चिरंजीव विनायकराव यांच्याविषयी. वकील राजकारणात कसा ओढला जातो, याचे इतके बोलके उदाहरण आपल्या शहरात मला दुसरे दिसत नाही.

वडिलांनी मुलाला कांगडीच्या गुरुकुलात धाडले. 'विद्यालंकार' ही तिथली पदवी. लोकांनी तिचेच आडनाव केले. पुढे विलायतेत बॅरिस्टरी. म्हणजे घरी मराठी, शिक्षण हिंदी-संस्कृतात, कायदा इंग्रजीत. आणि संस्थानच्या न्यायालयांची भाषा उर्दू, तेव्हा वकिली उर्दूत!

त्या काळी सभा भरवायची तर 'गश्ती निशान ५३' प्रमाणे सरकारची परवानगी लागे. चारचौघांत सरकारशी वाद घालता येईल अशी जागा उरली होती ती बहुधा कोर्टाचीच. म्हणून तर संस्थानातील पुढाऱ्यांत वकील फार : बी. रामकृष्णराव, काशिनाथराव वैद्य, दिगंबरराव बिंदू. विनायकरावांचा ओढा आर्य समाजाकडे होता. १९३९ च्या आर्य सत्याग्रहात ते आठवे सर्वाधिकारी नेमले गेले. पण त्यांची तुकडी निघण्यापूर्वीच सत्याग्रह थांबला. १९४८ मध्ये रझाकारांच्या अत्याचारांच्या निषेधार्थ वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार टाकला, तेव्हा मात्र ते आघाडीवर होते. ज्याचे पोट कोर्टावर, त्याने कोर्टाकडेच पाठ फिरवायची! मंत्रिपदापेक्षा मला हे मोठे वाटते.

१९५० साली ते मंत्री झाले आणि १९५२ मध्ये रामकृष्णरावांच्या मंत्रिमंडळात वाणिज्य व उद्योग हे खाते त्यांच्याकडे आले. नांदेडची उस्मानशाही गिरणी, वरंगळची आझमजाही गिरणी, शहाबादचा सिमेंटचा कारखाना : मराठी, तेलुगू आणि कन्नड मुलखातले हे उद्योग तेव्हा एकाच राज्यात होते.

१ नोव्हेंबर १९५६ ला ते राज्यच मोडले. मराठवाडा मुंबई राज्यात, कन्नड जिल्हे म्हैसूरमध्ये, तेलंगण आंध्र प्रदेशात. कोरटकरांचे मूळ मराठवाड्यातले. तिकडे त्यांना वाव मिळाला असता असे मला वाटते. पण ते इथेच राहिले. आणि १९५७ मध्ये, मराठी माणूस इथे अल्पसंख्य झालेला असताना, हैदराबादच्या तेलुगू-उर्दू बोलणाऱ्या मतदारांनी या मराठी बॅरिस्टरला लोकसभेवर पाठवले.